पाचशे ऐंशी

सकाळी सहाला चर्चच्या तळघराचं कुलूप काढलं
तेव्हा किल्ली बोटांना चिकटत होती.
पिट्सबर्गचा मार्च म्हणजे
कुजायला लागलेला, पण न गेलेला बर्फ.
साठ खुर्च्या. त्यांतल्या अकरा डुगडुगतात,
त्या मी दरवर्षी मागे ठेवते
आणि दरवर्षी कुणीतरी त्या पुढे आणतं.

संस्था वगैरे नाही आमची.
एक वही, एक कॉफीचा पिंप,
आणि कार्माइनची व्हॅन, जी चढावर दम खाते.

नावाच्या चिठ्ठ्या मी लिहिते.
बाग कुठे, विचारलं की लोक सांगतात
"जळालेल्या दुकानामागे",
"शाळा होती ना, तिथे".
नसलेल्या गोष्टींवरूनच सापडतो
आमचा पत्ता.

बियांच्या टेबलावर कार्माइन पुन्हा तेच:
हे टोमॅटो आजोबांनी कोटाच्या शिवणीत लपवून आणले.
ओडेसा म्हणाली, "तुमच्यातला प्रत्येक आजोबा
कोटातूनच टोमॅटो आणतो.
त्या बोटीवर एक तरी धड कोट होता का रे?"

कोपऱ्यात माती तपासायची रांग.
विद्यापीठातली एक पोरगी, हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं यंत्र.
माती आली होती आइस्क्रीमच्या डब्यांत,
एका मोज्यात,
आणि कॅरिकहून दोन बस बदलून आलेल्या तुलाशाकडे
दुधाच्या पावडरीच्या डब्यात, शालीत गुंडाळून,
जसं काही आत जागं होईल कुणी.

यंत्र टेकवलं. थांबलो.
पाचशे ऐंशी.

पोरगी हळू बोलली. भाच्यानं नेपाळीत सांगितलं, त्याहून हळू.
शिसं.
तिथे घर होतं, पाडलेलं.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात;
इथले वासे ट्रकनं नेले,
रंग तेवढा राहिला, सोलत सोलत, मातीत.
मुळा नको. पालेभाजी नको.
मिरची चालेल, टोमॅटो चालेल, घेवडा चालेल.

तुलाशानं स्वतःचं काही विचारलं नाही.
म्हणाली, सहा वर्षं मी रायोच्या जुड्या
गल्लीभर वाटल्या.

कॉफीचा पिंप तेवढा खदखदत होता.
मलाही मिळायची जुडी, ऑगस्टपर्यंत दर रविवारी.
लसणावर परतून, उभ्याउभ्या खायची मी.
हे तिला सांगावं की नाही, कळेना.
सांगितलं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मी तिचं काही चोरलं होतं
आणि आत्ता परत करत होते.

पोरीनं डबा कचऱ्याकडे नेला.
तुलाशानं तो मागून घेतला, झाकण घट्ट लावलं,
माझ्याकडून एक कोरी चिठ्ठी घेतली
आणि आकडा लिहून डब्यावर चिकटवला.

मग ओडेसा उठली. आठ वर्षं
"माझी माती मला ठाऊक आहे" म्हणणारी ओडेसा.
पर्समधून प्लास्टिकची पुडी काढली
(म्हणजे आणत होती तर, दरवर्षी)
आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

दुपारी वहीत लिहिलं:
शनिवार, कॅरिक. फळ्या, खिळे, धुतलेली वाळू,
बाहेरची माती तीन खेपा. व्हॅनला पाणी.
कार्माइननं मूठभर बिया दिल्या, गोष्टीशिवाय.
तुलाशानं त्या कमरेच्या पटुक्यात खोचल्या.
"झालं," ओडेसा म्हणाली,
"आता हिची नातवंडं पण आम्हाला पकवणार."
तिची स्वतःची चिठ्ठी घडी करून मुठीत होती.
आकडा आम्ही विचारला नाही.

खुर्च्या रचल्या. अकरा वेगळ्या.

घरी फडताळात एक बरणी आहे,
गेल्या हिवाळ्यात तिनं दिलेली, आंबवून वाळवलेल्या पाल्याची.
झाकण उघडलं.
आंबूस, धुरकट, चांगला वास.
लावलं परत.
ठेवली तिथेच, मिठाच्या मागे.